उन्हाळ्यातला धबधबा

प्रिय भिंगरी,

आई एकटीच गाडीतून उतरली आणि मी कुठे आहे ते सांगेना, म्हणून तुझे आतापर्यंत सगळ्यांना फोन करून झाले असतील. मी सुखरूप आहे. माझा फोन मीच बंद ठेवलाय. हे पत्र ऑफिसात उभ्याउभ्या वाचू नकोस, घरी जा, दार लाव आणि वाच. आणि एक आधीच सांगून ठेवतो. मी चिडलो की विनोद करतो, ही माझी जुनी खोड तुला ठाऊक आहे. तेव्हा वाचताना कुठे हसू आलं, तर बाबा निवळले असं समजू नकोस. उलट तिथेच मी सगळ्यात जास्त पेटलेलो असेन.

परवा तुझ्या ऑफिसात आईच्या माहेरच्या आडनावाने एक गाडी बुक झाली. ‘धबधबे आणि गावं, दिवसभराची खासगी सहल, दोन ज्येष्ठ नागरिक.’ ते ज्येष्ठ नागरिक म्हणजे आम्ही. फोनवरची तुझी मुलगी इतकी गोड बोलली, की आपल्याच कंपनीला पैसे देतोय हे मी क्षणभर विसरलो. तुला वाटेल, बाबा कारभार सोडून वर्ष झालं तरी पाळत ठेवतात. पाळत नाही गं. न्हाव्याकडे केस कापून घेत बसलो होतो. तो सांगायला लागला, की त्याच्या मेहुण्याने आपल्या कंपनीच्या गाडीतून जाऊन धाकटा धबधबा पाहिला आणि काय ते पाणी, काय ते पाणी! मी आरशात त्याच्याकडे पाहतच राहिलो. ऐन उन्हाळ्यात? त्या रस्त्यावर मी उभं आयुष्य गाडी हाकली. उन्हाळ्यात मोठ्या धबधब्याची दोरी होते आणि धाकट्याचा नुसता ओला डाग राहतो. म्हणून तर उन्हाळाभर आपल्या गाड्या शेडमध्ये असायच्या, मी त्यांना रंग मारायचो आणि तू पाना-पक्कड घेऊन माझ्या पायांत पायांत करायचीस. आणि यंदा तुझ्या सगळ्या गाड्या रस्त्यावर. मी तर गावभर सांगत सुटलो होतो, की पोरीने उन्हाळ्यातही धंदा उभा केला. कसा केला ते विचारायचं राहिलंच. ते बघायला गेलो.

ड्रायव्हर नवा निघाला, पूर्वी शाळेची बस चालवायचा तो. मला ओळखत नाही. माणूस चांगला, गाडी स्वच्छ, गिअर लोण्यासारखे टाकतो, फक्त तोंडाला ब्रेक नाही. निघाल्यापासून मॅडमचं कौतुक. मॅडम अशा, मॅडम तशा, मॅडमनी आमचे विमे उतरवले, मॅडमचे वडीलही पूर्वी गाड्याच चालवायचे म्हणे, पण जुनी पद्धत हो काका, त्यांच्या काळात उन्हाळ्यात सगळे माश्या मारायचे. आई खिडकीबाहेर बघून हसत होती. मीही हो हो म्हटलं. मोठ्या धबधब्यावर दोरीसारखं पाणी पाहून तुझ्याच दुसऱ्या गाडीतली मंडळी कुरकुरायला लागली, हेच दाखवायला आणलंत का म्हणून. तेव्हा आपला ड्रायव्हर ऐटीत म्हणाला, थांबा हो, खरा पुढे आहे. आणि गाडीमागे जाऊन त्याने हळूच फोन लावला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू जात नसेल. अगं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून कुठली बेअरिंग गेली ते सांगणारे कान हे! तो म्हणाला, निघालो, दोन गाड्या आहेत, लाव. ‘लाव’ म्हणाला. दिवा लावतात तसं.

धाकट्या धबधब्याशी पोहोचलो आणि मान्य करतो, क्षणभर मीसुद्धा फसलो. पांढरंशुभ्र पाणी, तुषार, गारवा. आईने नवे बूट काढून पाय सोडले आणि माझ्याकडून फोटो काढून घेतले. प्रत्येक फोटोत मी तिचं डोकं कापलं म्हणून बोलणीही खाल्ली. दुसऱ्या गाडीतल्या एका काकूंनी तर हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाण्याला टाळ्या! तू पाटी छान रंगवून घेतली आहेस, ‘बारमाही नैसर्गिक धबधबा’. तीन शब्द आणि तीनही थापा, कारण तो धबधबासुद्धा नव्हता. परत निघाल्यावर पहिल्याच वळणावर मी गाडी थांबवायला सांगितली. म्हाताऱ्या माणसाला गाडी थांबवण्यासाठी कारण शोधावं लागत नाही. झाडाआड उभा राहिलो आणि कान दिले. आवाज भरलेला होता, मग पातळ झाला, मग नुसता ठिबकला आणि बंद. असं पाणी आटत नाही, भिंगरी. असा नळ बंद होतो.

गाडीत बसून मी ड्रायव्हरला नुसतं म्हटलं, की काय डोकं लढवलंय हो तुमच्या मॅडमनी. झालं. गडी खुलला. बंद पडलेल्या कागद गिरणीचा वरचा जुना बंधारा, त्याचं गंजलेलं लोखंडी दार मॅडमनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतलं, वर पहारेकरी ठेवला, रात्रभर ओढा अडवायचा आणि पाहुणे आले की सोडायचा, सगळं सांगितलं. कुणालाच त्रास नाही, पाणी तसंही वाहूनच जातं, असंही म्हणाला. हे शेवटचं वाक्य त्याचं नव्हे. ते तुझं. तुझी वाक्यं मी दुसऱ्याच्या तोंडातूनही ओळखतो.

वाहून जातं म्हणजे कुठे जातं गं? तुझ्या सहलीत तिसरं ठिकाण आहे ना, ‘शांत गाव, पायी फेरी आणि जेवण’? तिथे जातं. तिथे तुझी आत्या राहते. ओढ्याच्या काठावर टोमॅटो, कोबी आणि झेंडूची रोपं करून विकते. या रोपांना दिवसातून दोनदा पाणी लागतं. एकदम धो धो आणि मग काहीच नाही, असं चालत नाही. मी फेरीतून मागे रेंगाळलो आणि तिच्या वाफ्यांशी गेलो. काठालगतचे वाफे लोंढ्याने धुऊन नेलेले, वरचे वाळून गेलेले. ओढ्याचं पात्र लोंढा ओसरताच पुन्हा कोरडं आणि त्यात बायकांनी हाताने खणलेले खड्डे. त्या खड्ड्यांत झिरपेल तेवढं पाणी वाटीने डब्यात भरायचं. उन्हाळ्यातसुद्धा या ओढ्याला बोटभर धार कायम असायची. तीच धार तू पर्यटकांसाठी साठवतेस.

ताई दारातच होती. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. मला पाहून तिचा चेहरा जो पडला, तो मी जन्मात विसरणार नाही. भाऊ न सांगता आला म्हणून बहिणीचा चेहरा पडतो का? इतक्यात तुझा बोलघेवडा ड्रायव्हर मागून आला आणि म्हणाला, काय मावशी, कसा आहे हात, मॅडम रोज विचारतात. ताईने त्याला डोळ्यांनी दाबलं. मी बघितलं. काय झालं विचारलं तर म्हणाली, न्हाणीघरात पाय घसरला. भिंगरी, ताईच्या न्हाणीघरात खरबरीत फरशी आहे, मीच बसवली आहे, तिच्यावरून म्हैस पळवली तरी घसरायची नाही. पण मी काही बोललो नाही. लहानपणापासून ती माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही, त्यामुळे खोटं बोलताना ती कशी दिसते हेच मला माहीत नव्हतं. काल कळलं. डाव्या हाताने उगाच पदर सारखा करत होती.

खरं काय ते शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं. मशीन न थांबवता, खाली मान घालून. ताई खड्ड्यातून डबा भरत वाकली होती. वर ऊन रखरखीत, आभाळात ढग नाही, आणि लोंढा आला. तुझे पाहुणे आले असणार, टाळ्या वाजल्या असणार. डबा गेला, ताई काठच्या झाडाच्या मुळाला धरून राहिली म्हणून वाचली. हात मोडला. तुझ्या ड्रायव्हरनेच तिला दवाखान्यात नेलं, सगळं बिल तू भरलंस. संध्याकाळी फळं घेऊन आलीस, तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस, हेही बाईंनी सांगितलं. आणि मग म्हणालीस, आत्या, बाबांना न्हाणीघरात पडले असं सांग.

इथे मी मशीनजवळच्या स्टुलावर बसलो.

आता तुझी बाजू तू काय मांडशील ते मला पाठ आहे, कारण गिऱ्हाइकाला पटवायला मीच तुला शिकवलं. परवानगी आहे. ड्रायव्हरांची घरं उन्हाळ्यात चालतात. गावाला जेवणाचे पैसे मिळतात. आता भोंगा बसवू, आधी इशारा देऊ. सगळं खरं आणि सगळं बाजूला ठेव. बंधाऱ्याचं दार ही धंद्यातली चूक होती आणि धंद्यात चुका होतात. ओढा सोडण्याआधी खाली माणसं आहेत का, हे पाहायला कुणी नाही, ही त्याहून मोठी चूक, पण तीही चूकच. मला संताप आलाय तो पुढच्याचा. हात मोडल्यावर दुसऱ्या दिवशी तू ते दार बंद केलं नाहीस. तू आत्याचं तोंड बंद केलंस. आई आजारी होती तेव्हा जिने तुला तीन पावसाळे सांभाळलं, शाळेत मार बसला म्हणून जी थेट मास्तरांशी भांडायला गेली, तिला तू या वयात खोटं बोलायला लावलंस. आणि ती बोलली! तुझ्यासाठी! बाकी कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला दारातून हाकललं असतं.

आईला मी गाडीने परत पाठवलं. त्याआधी ड्रायव्हरकडून पाना मागून घेतला. त्याच्यावर राग काढू नकोस, मी कोण आहे ते सांगितल्यावर बिचाऱ्याने पूर्ण हत्यारांची पेटीच पुढे केली. शिंपीणबाईंचा नवरा मला वाट दाखवायला बंधाऱ्यापर्यंत आला. पहारेकरी म्हणाला, मॅडम रागावतील. मी म्हटलं, रांगेत उभं राहायला सांग, आधी माझा नंबर आहे. दार थोडंथोडं करत पूर्ण उघडलं, साठलेलं पाणी हळूहळू उतरू दिलं. खाली आधी माणूस पाठवून पात्र रिकामं करून घेतलं होतं, हे एवढं सोपं आहे बघ. आणि मग दार फिरवायचं ते लोखंडी चाक नट सोडून काढून घेतलं. चाक नाही तर दार खाली येत नाही. पाठीवर घेऊन गुडघे धरत धरत उतरलो. आता ओढा त्याच्या त्याच्या मनाने वाहतोय. फार नाही, बोटभर. वाफ्याशी बसलं की ऐकू येतं.

ते चाक मी ताईच्या स्वाधीन केलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, बरं केलंस. तिने डाव्या हाताने ते पोत्यात गुंडाळलं, खाटेखाली सरकवलं आणि पहिला प्रश्न विचारला, की पोरीचं फार नुकसान होईल का रे? मग मी मुद्दाम विचारलं, की ती मागायला आली तर? ताईला नवल वाटलं. म्हणाली, देईन की, तिचंच आहे ना ते. आता कळलं मी फोन का केला नाही आणि एवढं का लिहीत बसलोय? चाक घेऊन मी आपल्या घरी आलो असतो तर तू माझ्याशी भांडली असतीस, मीही भांडलो असतो, आपल्या दोघांना ते जमतं. पण मी ते तिच्याकडे ठेवलंय. तिथे तुला कुणी अडवणार नाही, ती एका हाताने ओढून बाहेर काढून देईल, वर चहाही देईल. रविवारी तुझ्या गाड्या भरलेल्या आहेत, मला माहीत आहे. त्याच्या आत तू इथे येशील हेही माहीत आहे. ये. मी दाराशीच बसलेला असेन आणि एक शब्द बोलणार नाही. तू तिच्याकडे काय मागतेस, ते फक्त ऐकेन.

तुझाच,
अजून रागातच असलेला,
बाबा