मूठभर जुना भुसा

९ ऑगस्ट, रॉकहॅम्प्टन
मागच्या खोलीतली डॅम्पर अजगराची काचेची पेटी धुतली. कात टाकून झाली, उंदीरही पचलाय – आज हात लावायला हरकत नव्हती. आकड्याने हळूच उचललं, उशीच्या अभ्र्यात सोडून गाठ मारली, अंधाऱ्या कपाटात ठेवलं. पेटी नुसत्या गरम पाण्याने पुसली. लपायच्या दोन खोक्यांपैकी एकच घासलं, दुसरं त्याच्या वासासकट तसंच. नव्या भुशात मूठभर जुना मिसळला. सगळं एकदम बदललं की अजगर बिथरतो, काचेवर नाक घासत बसतो, खाणं सोडतो.

आई खोलीच्या दारातून बघत होती. "कॉल, त्या अजगराचे काय रे लाड! मला नाही कधी कुणी अभ्र्यात घालून निजवलं!" विसरते फार, पण मला ओळखते. तेवढं पुरे.

११ ऑगस्ट
आई न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं. दवाखान्यातच ठेवलंय.

१४ ऑगस्ट
बायको, रेलीन, म्हणाली, "राहू दे ना तिची खोली." मीच हट्टाला पेटलो. कुबट वास, गालिच्यात कुत्र्याचे केस – तो कुत्रा मरून किती वर्षं झाली! गालिचा उखडला. भिंतींना पांढरा रंग. निलगिरीचं तेल टाकून फरशी पुसली. तिची फाटकी आरामखुर्ची रस्त्याच्या कडेला ठेवली, पालिकेची गाडी उचलेल. खोली कशी लख्ख! फार बरं वाटलं.

१६ ऑगस्ट
आई घरी आली. दारातच थबकली. "कुणाची खोली रे ही?"
तुझीच, आई!
आत जाईना.

१९ ऑगस्ट
काही खात नाही. तिच्या आवडीचं भाजलेलं मटण केलं, ताट सरकवून दिलं. दिवसभर भिंती चाचपत फिरते. खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभी राहते.

रेलीन ताट उचलताना म्हणाली, "सापासाठी मूठभर जुना भुसा ठेवतोस, कॉल." एवढंच. बायकोने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! अजगराचं कळलं, आईचं कळलं नाही. लाज वाटते – दुसरा शब्द नाही.

खुर्ची शोधायला कचरा डेपोवर गेलो. तिथला माणूस हसला – "धड खुर्ची गाडी येईपर्यंत टिकते होय? कुणीतरी नेली कधीच!"

२१ ऑगस्ट
आई सापडेना. घरभर, अंगणात, रस्त्यावर – नाही! शेवटी मागच्या खोलीत. तिथलं मी काहीच बदललं नव्हतं. डॅम्परच्या पेटीला पाठ टेकून जमिनीवर बसली होती, टोस्ट खात होती. पाच दिवसांत पहिल्यांदा.

मी जवळ बसलो. तिने ओठांवर बोट ठेवलं. "हळू हं. माझा मुलगा अजगर पाळतो इथं, त्याला आवाज चालत नाही." मग टोस्टचा अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. "घ्या ना! तुम्ही कुठले?"