बुजलेली वळचण

४ मे

आलो बाई एकदाचे! यॉर्कशायरातल्या टॉडमॉर्डन गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीला पाठ लावून बसलेलं दगडी घर, आणि आजपासून ते आमचं. सामान दाराशीच टाकलं आणि आधी किटली शोधली. आमच्या ह्यांनी, ट्रेव्हरने, खिडकीतली खुर्ची पटकावून काठीने जमिनीवर दोन ठोके दिले. काठी हातात आली तेव्हापासूनची ही खोड: दोन ठोके म्हणजे चहा आण. राजेसाहेब, तुमचा कप अजून खोक्यात आहे, असं सुनावलं त्याला. सूतगिरणीने त्याची छाती पार खाऊन टाकली आहे. इथली हवा मोकळी, म्हणून तर सगळी पुंजी ओतून हे घर घेतलं.

वळचणीत पाकोळ्यांची घरटी आहेत. संध्याकाळी किंचाळत घराभोवती गरगर फिरतात आणि कौलांखालच्या फटीत सुर्रकन शिरतात. दरवर्षी आफ्रिकेतून त्याच फटीत परततात म्हणे. ट्रेव्हर तोंड उघडं टाकून बघत बसला. म्हणाला, हे भाडेकरू आपल्याआधीचे आहेत, तेव्हा आपणच जरा जपून राहायचं.

२२ मे

हवा मोकळी कसली, घरभर वारा शिरतो. मे संपत आला तरी मी दोन स्वेटरांत. त्यातच आज दारात ब्रेडन नावाचा एक गोडबोल्या उभा. माळ्यावर आतून फेस फवारायचा, तो फुगतो, वाळतो, सगळ्या फटी बुजवतो, आणि मग हिवाळ्यातसुद्धा घरात अनवाणी फिरा, असं त्याचं म्हणणं. मी दारातूनच त्याला वाटेला लावणार होते. पण मेल्याने बूट काढले! मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. आता नुसत्या मोज्यांवर उभ्या असलेल्या माणसाला बाहेर कसं घालवायचं? चहा दिला. मग दुसरा कप झाला, बिस्किटं झाली, त्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. ट्रेव्हरने पाकोळ्यांचं विचारलं, तर म्हणाला, लेप आतून, पक्षी बाहेरून, त्यांना पत्ताही लागणार नाही. जरा शेजारच्या ऑड्रेला विचारू, असं ट्रेव्हर पुटपुटतोय तोवर मी सही करून मोकळी. माणूस घरच्यासारखा बसल्यावर नाही म्हणायला माझी जीभच रेटत नाही.

१० जून

लेप झाला. फवारताना घरात थांबायचं नसतं, म्हणून दिवसभर ऑड्रेकडे बसलो. नळ्या आत जाताना ती खिडकीतून बघत होती आणि सारखी पावसापाण्याचं बोलत होती. निघताना एवढंच म्हणाली, की माझ्या बहिणीनेही करून घेतलं होतं ते. इथे कोणी कोणाच्या घरात नाक खुपसत नाही.

शिडी लावून माळ्यावर डोकावले. वासे दिसत नाहीत, कौलं दिसत नाहीत. सगळीकडे पिवळट फुगवटे, नासलेल्या कस्टर्डसारखे. पण ऊब काय आहे!

संध्याकाळी चहा पीत होतो तर वळचणीवर धप्प. परत धप्प. पाकोळ्या येऊन आपटत होत्या. लेप फुगत फुगत फटीतून बाहेर आलाय. आत पिल्लं आहेत. ट्रेव्हर अंगणात जाऊन उभा राहिला. मी ब्रेडनला फोन केला. म्हणाला, काळजी सोडा, एक-दोन दिवसांत थांबेल.

१९ जुलै

थांबलं नाही. दिवसाढवळ्या माळ्यावर खरवड ऐकू येते. थोडी थांबते, परत सुरू. दाण्यापाण्यावाचून इतके आठवडे काय जगतं, देव जाणे.

कपाटातल्या कोटांवर बुरशी चढली आहे. भिंतींना घाम. चहा उकळा, अंघोळ करा, नुसता श्वास सोडा, ती वाफ पूर्वी कौलांतून निघून जायची. आता घराने तोंड गच्च मिटून घेतलंय. हात दाखवून अवलक्षण केलं मी! ट्रेव्हर बसूनच झोपतो. हिवाळ्याआधी यांना कोरड्या घरात न्या, असं डॉक्टरने बजावलंय. आमची लेक केरी डेव्हनहून फोनवर रडली. पण ती तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि याला चार पायऱ्यांतच धाप लागते. तिच्या जवळपास तळमजल्याचं काहीतरी घ्यायचं ठरलं. त्यासाठी आधी हे विकायला हवं.

४ सप्टेंबर

गिऱ्हाईक मिळालं! तरुण जोडपं, तिला पाकोळ्यांची भारी हौस. मी मान खाली घातली.

कर्ज देण्याआधी बँकेने घर तपासायला माणूस पाठवला. शिडी चढला, माळ्यात डोकं घातलं आणि तसाच खाली उतरला. म्हणाला, वासे शाबूत आहेत की कुजलेत, या लेपाखाली कळायला मार्ग नाही, आणि अशा घरावर बँक दमडी द्यायची नाही. मी चहा ओतून ठेवला होता. त्याने घेतला नाही. यॉर्कशायरचा माणूस, समोर ओतलेला चहा सोडून भराभरा निघून गेला.

२७ सप्टेंबर

दुसरं गिऱ्हाईकही तसंच गेलं. ब्रेडनचा फोन बंद, कंपनीने गाशा गुंडाळलाय, हमीपत्र आता चुलीत घाला. लेप काढणारे येऊन बघून गेले. तो लाकडाला असा चिकटलाय की खरवडताना वासेच सोलून निघतील, मग अख्खं छप्पर नवीन. ते आम्हाला या जन्मात झेपायचं नाही.

पाकोळ्या कधीच आफ्रिकेला गेल्या. खरवड चालूच आहे. ट्रेव्हरचे ओठ सकाळी निळे असतात. मला वेड लागेल.

१२ ऑक्टोबर

आज ट्रेव्हर पावाची सुरी घेऊन माळ्यावर चढला. पायरीपायरीवर थांबत, घशातून शिट्टी वाजत. मी खाली शिडी धरून त्याला शिव्या घालत होते. म्हणे, एक जरी वासा उघडा करून दाखवला, तर कोणीतरी घर घेईल. हातभर लेप कापला. आतलं लाकूड ओलंकिच्च, बोट लावलं तर केकसारखं निघालं. घरटं सापडलं, रिकामं. उतरल्यावर सुरी पुसून ठेवली. मग म्हणाला, ग्लेनिस, तो लेप आतून कोमट आहे. आणि हळूहळू वरखाली होतो, माझ्यापेक्षा बऱ्या छातीने.

१३ ऑक्टोबर

कापलेली जागा भरून आली आहे. नुसती भरली नाही, फुगली आहे.

२ नोव्हेंबर

मी दुकानात गेले होते. आले तर शिडी लावलेली. माळ्याचं झाकण बंद, कडांमधून पिवळं ओघळलेलं. ढकलते, हलत नाही. हाका मारते, ओ देत नाही. अरे ट्रेव्हर, एक ठोका तरी दे—

३ नोव्हेंबर

अग्निशमनवाल्यांनी झाकण फोडलं. माळा रिकामा. सुरी मिळाली, काठी नाही. पोलीस म्हणाले, या वयात माणूस कधीकधी भरकटतो. त्याचे बूट दाराशीच आहेत, असं मी ओरडून सांगितलं. एक फुगवटा नवीन आहे, लांबट, तोही दाखवला. असे बरेच आहेत, बाई, म्हणाले. चांगली माणसं. पण त्यांनीही चहा घेतला नाही.

९ नोव्हेंबर

केरी उद्या न्यायला येते. म्हणाली, घर गेलं खड्ड्यात, तू बॅग भर. भरली. त्याला इथे टाकून कशी जाऊ?

ऑड्रे येऊन रडली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, म्हणाली. तुझ्या बहिणीचं काय झालं, विचारलं. तर परत पावसापाण्याचं—

१० नोव्हेंबर

केरी वाटेत आहे. दुपार. कोट घालून बसले आहे.

खरवड थांबली. इतका वेळ, जूनपासून पहिल्यांदा.

ठोके. छतातून. दोन.

तोच. त्याचीच काठी. तशीच लय—

किटली ठेवली. वेडी म्हणा. चहा मागणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? मला ते आयुष्यात जमलेलं नाही.

वर आले. कप आहे, सुरी आहे. वही घेतलीय, केरीला कळावं म्हणून—

कापलं. खोल कापलं. आत कपाळ. ट्रेव्हरचं. कोमट आहे, देवा, कोमट आहे—

डोळे उघडले. मान हलवतोय. जा म्हणतोय. ठोके मी दिले नाहीत, म्हणतोय. हात तर केव्हापासून— त्याला हातच नाहीत—

परत दोन ठोके.

माझ्या मागून. झाकणाजवळ. आणि झाकणाची जागा पिवळी होत—