तुझं मत दिलं

लुडविग्सहाफेन,
१२ मे २००७

चि. नागेश यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कात्रणं पोचली. स्कोअर मला इंटरनेटवर कळतोच, पण मॅच कळते ती तुझ्या पत्रातून. तेव्हा दोन ओळींची ई-मेल टाकून सुटका करून घेऊ नकोस. आज सकाळी सहालाच कॉम्प्युटरवर रेडिओ लावून बसले होते. आपल्या टीमने, पाणकावळ्यांनी, तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आघाडी घेतली आणि मग नेहमीप्रमाणे घालवली. शेवटच्या दोन मिनिटांत तीनदा मारलं आणि तिन्ही वेळा चेंडू बाजूच्या खांबांमधून! गोलच्या सहा-सहा गुणांच्या जागी एकेक गुण. तरी मी म्हणते, खेळ असावा तर आपल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलसारखा. नेम चुकला तरी प्रयत्न केल्याचा एक गुण हातावर ठेवतो. इथे गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला तेव्हा गल्लीभर झेंडे लागले होते. नव्वद मिनिटं धावून शून्य-शून्य झालं तरी लोक जेवून शांत झोपतात. आपल्याला नाही बाई जमायचं. हरीश म्हणतात, शनिवारी भल्या सकाळी ओरडणारी बायको जर्मनीत चालत नाही, घरमालकाची चिठ्ठी येईल. आमची लेक अन्वी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटते आणि तिच्या खोलीचं दार लावून घेते.

आता मुद्द्याचं. क्लबचं पत्र मलाही आलं. टीम उचलून उत्तर किनाऱ्यावरच्या त्या शहरात न्यायची की फेरी रोडच्या आपल्या मैदानावरच ठेवायची, यावर सभासदांनी मत द्यायचं आहे. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. लॅबमधल्या फ्राउ नॉयमानला सांगितलं, तर तिला आधी कळेचना. क्लब म्हणजे फेराइन, म्हणजे गावातल्या माणसांचं मंडळ, मग ते गाव सोडून जाणार कसं, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. नवं मार्केट, नवा ब्रँड असले त्या पत्रातले शब्द तिला सांगायची लाज वाटली.

सोबत फॉर्म सही करून पाठवते आहे. सभेत माझ्या वतीने तू मत द्यायचंस. 'बाजूने' की 'विरुद्ध' ही खूण मी केलेली नाही, कारण ठरावाचे शब्द ऐन वेळी बदलू शकतात असं खाली छापलंय. तू तिथे ऐकून काय ती कर. हरीश म्हणाले, कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. इथे नवऱ्याचं पार्सल पोस्टातून आणायलाही त्याने सही केलेली फोलमाख्ट, म्हणजे अधिकारपत्र, न्यावी लागते, आणि त्यातही सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. मी म्हटलं, अहो, भाऊ आहे तो माझा. माझं मत तुला माहीत आहे, वेगळं लिहायला नको.

चारुलताला आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

*

मेलबर्न,
२० जून २००७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सभा परवाच्या रविवारी झाली. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. आपल्या मागच्या रांगेत बसणारे ते म्हातारे आजोबा, तुला दर मॅचला पेपरमिंट द्यायचे ते, बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांतच खाली बसले. ठराव पास झाला, ताई. बाजूने बरीच जास्त मतं पडली. पुढच्या सीझनपासून टीम उत्तरेला जाईल.

काळजी करू नकोस, तुझं मत दिलं. तुझा फॉर्म मी स्वतः टेबलावर नेऊन दिला.

वाईट वाटून घेऊ नकोस असं कसं म्हणू? पण एक विचार मनात येतो. तिकडे नवं स्टेडियम आहे, शहरात दुसरी टीम नाही, मुलं नव्याने खेळायला लागतील. रंग तेच राहणार, नाव तेच राहणार. कदाचित आपण समजतो तितकं वाईट होणार नाही. ऑफिसात सध्या फार धावपळ आहे, म्हणून पत्र आटोपतं घेतो. शनिवारच्या मॅचची कात्रणं सोबत आहेत. बावीस गुणांनी हरलो.

हरीशरावांना नमस्कार, अन्वीला पापा. ताईचा राग-लोभ दोन्ही हवेत, त्यातला लोभ जरा जास्त.

तुझा,
नागेश

*

मेलबर्न,
९ जुलै २००७

ती. सौ. वन्संना,
चारुलताचा शि. सा. नमस्कार.

एरवी मी तुम्हाला ताईच म्हणते, पण पत्रात वन्सं लिहिलं की आईने शिकवल्यासारखं वाटतं. तुमचा आवाज ऐकून बरेच दिवस झाले. इकडे घरभर खोकी आहेत. सप्टेंबरमध्ये आम्ही उत्तरेला राहायला जातो आहोत. ह्यांनी कळवलं असेलच. बदलीचं एप्रिलमध्येच पक्कं झालं होतं, पण घर मिळत नव्हतं. आता समुद्रापासून दहा मिनिटांवर मिळालंय, आणि टीमचं नवं स्टेडियमही जवळच आहे. त्यामुळे स्वारी खुशीत आहे. मेलबर्न सोडायचं म्हणून आधी तोंड पाडून बसले होते, आता पाणकावळे सोबत येणार म्हटल्यावर भिंतीला कुठला रंग द्यायचा तेही टीमच्या रंगांवरून ठरवतायत.

खरं सांगू का, मला वाटलं होतं तुम्ही कडाडून विरोध कराल. पण हे म्हणाले, ताईचंही मत बाजूनेच पडलं. भावाबहिणीची मतं एकाच पेटीत, असं म्हणून हसत होते. तुम्ही ह्यांच्यासाठी एवढं मन मोठं केलंत, याचे आभार मानायलाच हे पत्र लिहिते आहे.

अन्वीला आता मराठी वाचता येतं का? तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. आहे ती माया अशीच राहू द्या.

आपली,
चारुलता

*

लुडविग्सहाफेन,
१८ जुलै २००७

श्री. नागेश यांस,
स. न. वि. वि.

चारुलताचं पत्र मिळालं. तिला काही बोलू नकोस. तिची काही चूक नाही. तिने तर माझे आभार मानलेत.

तुझं जूनचं पत्र पुन्हा काढून वाचलं. 'तुझं मत दिलं.' ते वाक्य वाचून पंधरा-वीस दिवस मला बरं वाटत होतं. हरलो, पण माझ्या भावाने माझं म्हणणं तिथे जाऊन मांडलं, असं मी फ्राउ नॉयमानला सांगितलं होतं. हो, हो, असं म्हणत तिने माझ्या हातावर हात ठेवला होता. आता तिला काय सांगू? माझं मत तुला माहीत होतं. तू दिलंस ते माझ्या नावाचं मत. एवढा बारीक फरक करायला तू कधी शिकलास?

तू त्र्याण्णवमध्ये माझ्या घरी राहायला आलास तेव्हा तुला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू लांबोळा का, मैदान गोल का, पाठमोऱ्या माणसाच्या खांद्यावर गुडघा टेकवून चेंडू झेलला तर फाऊल का नाही, असं विचारून तू माझं डोकं खाल्लं होतंस. मी तुला हाताला धरून फेरी रोडवर नेलं. माझा मफलर काढून तुझ्या गळ्यात घातला. पहिल्या मॅचला आपण सत्तर गुणांनी हरलो. तू म्हणालास की आपण जिंकणारी टीम का नाही धरत. मी सांगितलं होतं की टीम धरायची नसते, टीम असते. ती जिंको, हरो, चिखलात लोळो, ती बदलायची नसते. क्लबचे अध्यक्ष परके आहेत, त्यांनी विकलं तर मी त्यांना शिव्या देऊन मोकळी होईन. तू परका नव्हतास.

बदली एप्रिलमध्ये ठरली. मी सही पाठवली मे महिन्यात. म्हणजे पाकीट उघडलंस तेव्हाच तुला काय करायचं ते माहीत होतं. एक फोन करून विचारलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, नाही म्हटलं असतं. ते ऐकायला नको म्हणूनच तू विचारलं नाहीस. फसवलंस मला, नागेश. दुसरा शब्द नाही.

शोभना

*

मेलबर्न,
५ ऑगस्ट २००७

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर 'श्री.' पाहिलं आणि पाकीट दिवसभर तसंच टेबलावर ठेवलं. तू आजवर मला एवढ्या शिव्या दिल्यास, पण 'श्री.' कधी लिहिलं नव्हतंस.

मी खोटं लिहिलं नाही, असं आधी स्वतःला समजावत होतो. ते राहू दे. लपवलं हे खरं आहे. पण माझंही जरा ऐक. एका मताने काही बदललं नसतं, शेकड्यांचा फरक होता. आणि तू तर पाच वर्षांपूर्वीच इथून गेलीस. तुला टीम रेडिओवरच ऐकायची आहे. मग ती कुठून का खेळेना! रडायला, भांडायला, गेटबाहेर पाय आपटत उभं राहायला इथे मी एकटा होतो. तुझ्या सीटवर दर सीझनला कोणीतरी अनोळखी माणूस येऊन बसायचा. आता मी ज्या शहरात जातोय तिथे मला एक माणूस ओळखत नाही. टीम येणार म्हटल्यावर वाटलं, चला, घरचं कोणीतरी सोबत आहे. तुला फोन करायला तीनदा हातात घेतला होता. तू नाही म्हणशील हे माहीत होतं, म्हणून केला नाही. एवढंच तू बरोबर ओळखलंस, आणि तेच सगळ्यांत जास्त लागलं.

चुकलो. तू म्हणशील ते करतो. क्लबला लिहू का? लोभ कमी झाला असेल तर तसं सांग, पण 'श्री.' लिहू नकोस.

तुझाच,
नागेश

*

लुडविग्सहाफेन,
१ डिसेंबर २००७

चि. नागेश यास,
अनेक आशीर्वाद.

चार महिने उत्तर दिलं नाही, कारण जे सुचत होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. नवं घर लागलं असेल. चारुलताच्या चिठ्ठीचं उत्तर अन्वीने स्वतः मराठीत लिहिलंय. चुका तशाच ठेवल्या आहेत.

तू क्लबला काही लिहू नकोस. मीच लिहिलं होतं. माझं मत चुकून बाजूने पडलं, ते दुरुस्त करा म्हटलं. सेक्रेटरींचं फार सभ्य उत्तर आलं. सही माझी, फॉर्म नियमाप्रमाणे भरलेला, त्यामुळे नोंद बदलता येत नाही. म्हणजे त्यांच्या दप्तरात मी कायमची 'बाजूने'. पेपरमिंटवाल्या आजोबांनी कधी यादी पाहायला मागितली तर त्यात त्यांना माझं नाव दिसेल. शेकड्यांचा फरक होता असं तू लिहितोस. तो त्यांच्यासाठी असेल. माझ्याकडे एकच मत होतं.

आणि मी गेले, मग टीम कुठे का जाईना, हे तू लिहिलंस ना, त्याचं उत्तर मला आता सापडलं. मी मेलबर्न सोडलं ते फेरी रोड जागेवर राहील या भरवशावर. सगळेच निघाले तर मी दूर आहे असं म्हणायचं तरी कुठून? तू एकटा पडला होतास, हे मला कळायला हवं होतं. ते कळलं नाही, ही माझी चूक. पण ती मला सांगायची होतीस. माझ्या सहीने फेडायची नव्हतीस.

गेल्या आठवड्यात सभासदत्वाचा नवा फॉर्म आला. टीमच्या नावापुढे नव्या शहराचं नाव छापलंय. सभासदत्व सोडायचं असेल तर कारण लिहा, असा एक रकाना आहे. मी आधी लिहिलं की तुम्ही आम्हाला विकलंत. मग खोडलं. कागदोपत्री विकणाऱ्यांत मीही आहे. शेवटी लिहिलं, मैदान आता फार लांब पडतं. खाली पत्ता जर्मनीचा. हरीशना हसू आलं, मलाही आलं, आणि मग रडू आवरेना.

फॉर्म पोस्टात टाकला. या वेळी एकही जागा कोरी ठेवली नाही. लोभ आहे रे, तो काही सभासदत्व नाही. विश्वासाचं मात्र मला माहीत नाही.

ताई