अर्ध्या तोंडाचा बदला

८ मार्च, संध्याकाळ. शिरूर, दवाखाना.
शंभूला सोडणार नाही. हे आधी लिहून ठेवतो, बाकीचं नंतर.

बैलगाडा शर्यतीच्या घाटात वीस वर्षं माइक माझ्या हातात आहे. मारुतआप्पानं भिर्रर्र केल्याशिवाय बैल उधळत नाहीत असं लोक म्हणतात. म्हणजे मी म्हणतो आन् लोक मान्य करतात. आज शेजारच्या गावच्या घाटात माइक धरला, तर भिर्रर्रच्या जागी नुसता वारा. चहाचा घोट घेतला, तो डाव्या बाजूनं थेट शर्टावर. सकाळपासून डाव्या कानामागं ठणकत होतं, पण तेवढं चालायचंच.

दुसरा निवेदक हा शंभू. दौंड तालुक्यातला, कासुर्डीचा. तिशीतलं पोरगं, पण नजर माझ्या खुर्चीवर. माझ्याकडं बघून म्हणाला, आप्पा, हसा बरं. हसलो. दोन्ही हात वर करा. केले. कपाळाला आठ्या पाडा, डोळे गच्च मिटा. अख्ख्या पब्लिकसमोर माझी कवायत! मग हातातनं माइक काढून घेतला, गाडे थांबवा म्हणून पुकारलं, आन् मला स्वतःच्या गाडीत कोंबून इथं आणलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूचा झटका नाही, चेहऱ्याची नस सुजलीय. बेल्स पाल्सी. कपाळाची आठीसुद्धा एकाच बाजूला पडतेय, त्यावरनं अंदाज येतो. पण तोंड अचानक वाकडं झालं तर घरी तर्क करत बसायचं नसतं, लगेच आलात ते फार बरं केलंत. कुणाच्या लक्षात आलं? मी म्हणालो, माझ्याच.

शंभू दिवसभर बाहेर बाकावर बसून होता. मी परत घाटात जाऊ नये म्हणून पहारा.

११ मार्च. घर.
कट उलगडला. कूलर! मंचावरचा कूलर माझ्या डाव्या कानाकडं कुणी वळवला होता? शंभूनं. आप्पा, घामाघूम झालात, असं गोड बोलून. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, याचं नक्की कारण बऱ्याचदा कळत नाही. म्हंजी शंभू असू शकतो.

गोळ्या बंद करणार होतो, पण मी गिळेपर्यंत सविता समोरून हलत नाही. डावा डोळा मिटत नाही, म्हणून त्यात दिवसभर थेंब आन् झोपताना वरनं चिकटपट्टी. भांडं पडलं की डाव्या कानात बॉम्ब फुटतो. आमटी अळणी लागते. सविताला तसं सांगितलं, तर म्हणाली, या वेळी जीभ आजारी आहे, लग्नापासून काय झालं होतं?

मामा येऊन गेले. म्हणाले, तोंडावरनं वारं गेलंय, पारवा धरून आणतो, त्याचं रक्त चोळू. सवितानं मामांना चहासुद्धा विचारला नाही.

१५ मार्च. दौंड.
शत्रूच्या मुलखात स्वतः गेलो. बाजारात शंभूला गाठलं, छाती काढून उभा राहिलो आन् ठणकावलं, तुला जन्मात माफ करणार न्हाई. शब्द जरा फुसफुसले. शिवाय घोटाळा असा की, मी डोळे मिचकावले की उजवा मिटतो आन् डावा टक्क उघडा. म्हंजी धमकी दिली आन् डोळा मारला. शंभू पोट धरून हसला. म्हणाला, आप्पा, एवढ्या दुखण्यातबी मस्करी सुटंना तुमची! टपरीवर नेलं, चहा सांडू नये म्हणून कुठनं तरी स्ट्रॉ पैदा केली. प्यालो. उन्हातनं आलो होतो.

येताना एसटीत समोरची बाई उठून ड्रायव्हरजवळ जाऊन बसली. तिचाही हिशोब शंभूच्या नावावर.

२१ मार्च.
आपल्या गावची यात्रा ७ एप्रिलला. त्या दिवशी माइक दुसऱ्याच्या हातात गेला तर वीस वर्षांची इज्जत मातीत. आरशासमोर व्यायाम चालू आहे. गाल फुगवा, शिट्टी मारा, ओठ चंबूसारखे करा. हवा डावीकडनं निसटते.

यात्रा कमिटीच्या सावळारामचा फोन आला, आप्पा, जमंल ना? मी म्हणालो, शंभर टक्के. तो म्हणाला, शंभूलाबी बोलावतोय.

अस्सं! एवढ्यासाठी कूलर फिरवला होता तर.

मग मी सावळारामला जे खरं ते सांगितलं. म्हणालो, हे पोरगं भरवशाचं न्हाई. ८ तारखेला चालू घाट अर्ध्यावर टाकून निघून गेलं, लोक बोंबलत राहिले. यात एक अक्षर खोटं नाही. मी स्वतः गाडीत होतो.

सविता चुलीपाशी भाकरी थापत होती. थापायची थांबली. बदला पूर्ण. गार वाटलं.

३ एप्रिल.
कपाळावर आज दोन्हीकडं आठी पडली! डोळाही पाऊण मिटतो. भिर्रर्र जवळजवळ आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर औषध सुरू झालं त्याचाही उपयोग झाला. मी म्हणालो, इच्छाशक्ती.

दुपारी सावळाराम घरी आला. शंभूला काढला म्हणाला. मी म्हणालो, उत्तम. तर म्हणाला, अवघड झालं आप्पा. शंभू काय म्हणत होता, माइक आप्पांचाच, मी नुसता शेजारी बसंन, त्यांचा शब्द अडला की तेवढाच उचलीन. त्याच्या जिवावर तुम्हाला बसवणार होतो. आता तो न्हाई, आन् तुमचं एकट्याचं अजून सरळ न्हाई. म्हणून सणसवाडीचा एकजण ठरवलाय.

शंभूनं हे मला आधी सांगायला नको होतं का? सगळी चूक त्याची.

७ एप्रिल, संध्याकाळ.
यात्रा झाली. मी घरीच होतो. सणसवाडीवाल्याला बैलांची नावंसुद्धा धड येत नव्हती. लाउडस्पीकर थेट आमच्या खिडकीकडं.

दुपारी शंभू आला. माझं तोंड निरखून बघितलं, हसायला लावलं, सरळ झालं की हो आप्पा, म्हणून मांडीवर थाप मारली. मग जेवायला बसला. अर्ध्या भाकरीनंतर म्हणाला, कुणीतरी माझं नाव खराब केलंय. घाट टाकून पळतो म्हणून बोंब उठलीय. आणखी दोन गावांनी न्हाई म्हणून कळवलं, आख्खा सीझन गेला माझा. ज्यानं केलं त्याला सोडणार न्हाई. आप्पा, तुमची इकडं वळख हाय, एवढा माणूस मला हुडकून द्या.

मी म्हणालो, देतो.

सवितानं त्याला आग्रह करकरून वाढलं. माझ्याकडं पातेलं सरकवलं, तुमचं तुम्ही घ्या म्हणाली.

तो गेल्यावर विचारलं तिनं, सांगितलंत का? मी म्हणालो, सांगणारच होतो, पण तोंड अजून साथ देत नाही. ती म्हणाली, सकाळी त्या सणसवाडीवाल्याला शिव्या देताना तर गल्लीला ऐकू जात होतं.

आत्ता शंभूचा फोन येतोय. घरी पोचलो म्हणून सांगायला असेल. सविता दारात उभी राहून बघतेय. मी लिहीत बसलोय, त्यामुळं उचलता येत नाही.