झग्याची खिडकी

ता. ९ फेब्रुवारी

चि. ठकीस आईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे, म्हणजे गुडघे सोडून बाकी सगळी. शिलाई मशीनला तेल पाजल्यापासून ते कुरकुरत नाही, आता मीच कुरकुरते. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला तो मुद्दाम. राग निवायची वाट बघत होते. निवला नाही, म्हणून तसाच घेऊन बसले लिहायला.

आपल्या हॉस्पिटलातल्या मेट्रनबाई काल युनिफॉर्मचं माप द्यायला आल्या होत्या. त्यांच्या वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाई सप्टेंबरात निवृत्त होतायत, आणि ती जागा तुझ्यासाठी धरून ठेवते म्हणाल्या. पक्की नोकरी, घरापासून चालत. आणि तू? एवढं शिकलीस ते कशासाठी, तर गाडीत बसून गावभर फिरायला आणि पुलाखाली नशा करून पडलेल्यांच्या जखमा पुसायला! गिऱ्हाईकं विचारतात, मुलगी काय करते. मी सांगते, मोठ्या शहरात नर्स आहे. कुठल्या हॉस्पिटलात, असं पुढे विचारलं की मी तोंडात टाचण्या धरते. तोंडात टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही.

सप्टेंबरच्या आत निघून ये. हुकूम समज, विनंती समज, काय हवं ते समज.

आईचा लोभ मागावा लागत नाही म्हणून तो स्वस्त समजू नकोस.

तुझी आई

---

ता. १७ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वाचताना तुझा आवाज इतका मोठा ऐकू आला की शेजारणीने भिंत कशी वाजवली नाही याचंच नवल वाटलं.

आमची गाडी म्हणजे जुनी बस आहे. सीटा काढून आत पलंग, औषधांचं कपाट आणि हात धुवायचं बेसिन बसवलंय. डॉक्टरीणबाई, मी आणि ड्रायव्हर, एवढीच माणसं. रोज सकाळी त्याच वेळी त्याच पुलाखाली गाडी लागते. आमचे नियम दोनच, नाव विचारायचं नाही आणि कुणाला ओरडायचं नाही. तुला पहिला जमला असता.

तिथे एक बाई आहेत. फळांच्या रिकाम्या खोक्यावर दरबार भरवल्यासारख्या बसतात, म्हणून सगळे त्यांना बाईसाहेब म्हणतात. सुया टोचून टोचून पोटरीवर माझ्या पंजाएवढी जखम झालीये. आणखी चिघळली तर पाय गुडघ्याखालून कापावा लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. हॉस्पिटलचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही. एकदा गेल्या होत्या, तर वास येतो म्हणून व्हरांड्यात बसवून ठेवलं, दिवस मावळेपर्यंत कुणी फिरकलं नाही. आमच्या गाडीतही चढत नाहीत, दार लागलं की जीव घाबरतो. बरं, फुटपाथवर पट्टी बांधू म्हणावं, तर झगा वर करू देत नाहीत. घर गेलं, माणसं गेली, आता भर रस्त्यात पाय उघडे टाकायचे तेवढे राहिलेत, असं म्हणाल्या. मग मी घेराखाली हात घालून अंदाजाने जखम पुसते, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखी.

आई, त्यांचा पाय भरून आला की मी येईन. हा शब्द. त्याआधी नाही, कारण रोज निघताना मी त्यांना उद्या येते म्हणून सांगते.

रागावलीस तरी लिहीत राहा, न लिहिलेला राग मला पेलत नाही.

तुझी ठकी

---

ता. २ मार्च

चि. ठकीस अनेक आशीर्वाद.

पाय भरून आला की येतेस ना? मग त्या पायाकडे मीच बघते.

सोबत झगा पाठवते आहे. जाड निळं कापड आहे, मळ दिसणार नाही. उंची तू कळवली नाहीस, तुझ्याएवढी धरली. पोटरीच्या बाजूला घेरात खिडकी ठेवलीये, गुडघ्याखालून घोट्यापर्यंत. झडप उघडायची, पट्टी बांधायची, झडप लावायची, बाकी पाय झाकलेला. खिडकीला बारीक बटणं लावलीत आणि काजं हाताने केलीत. माझी काजं अख्ख्या गल्लीत नावाजलेली आहेत, हे तुझ्या बाईसाहेबांना जरूर सांग.

हा दयाधर्म समजू नकोस. माझा स्वार्थ आहे, आणि तो मी लपवत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस.

वाट बघणारी,
आई

---

ता. १९ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

झगा पोचला. बाईसाहेबांनी घोंगडीच्या आडोशाला घालून पाहिला. खिडकी उघडली आणि तो पाय मी पहिल्यांदा उजेडात पाहिला. वाटलं होतं त्याहून वाईट आहे, पण दिसला तरी! स्वच्छ धुता आला, नीट पट्टी बांधता आली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढचं लिहू की नको, असं झालंय. पट्टी झाल्यावर त्या बटणं लावायला गेल्या, आणि आई, त्यांचे हात थरथरतात गं. सुई घेतली नसली की सकाळी फार. एक बटण धरेना. मी पुढे झाले तर माझा हात झटकला, मी काही कुक्कुलं बाळ नाही म्हणाल्या. येणारेजाणारे बघत होते. झडप मुठीत आवळून उठल्या आणि लंगडत निघून गेल्या. त्यानंतर चार दिवस झाले, पत्ता नाही. रोज त्यांचं खोकं रिकामं दिसतं, तरी मी त्यांची पट्टी काढून ठेवते.

काजं सुंदरच आहेत. पण त्या हातांची नाहीत.

यावर रुसायचं असेल तर एकच दिवस रूस.

तुझी ठकी

---

ता. २८ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद.

एवढ्या वर्षांत माझ्या काजांना नाव ठेवणारं माणूस भेटलं नव्हतं. पोटची पोरगीच निघाली! रात्री जेवले नाही, रागाने. सकाळी उठून हिवाळ्यातले लोकरीचे हातमोजे काढले, ते घालून माझ्याच जाकिटाची बटणं लावायला बसले. एक लागेल तर शपथ. मग मोजे काढायचं भान राहिलं नाही, तशीच बसून राहिले. चारचौघांत असं झालं तर मीही उठून गेले असते.

दुसरा झगा शिवलाय. याला मोठाली टिचबटणं आहेत, तळहाताने दाबली की लागतात, ओढली की सुटतात. टपालाचा भरवसा नाही, म्हणून तुझा मामा गॅरेज बंद ठेवून स्वतः घेऊन येतो आहे. त्याला दुसरंही काम सांगितलंय, ते तो सांगेलच.

ती परत आली का? आली की लगेच कळव.

लोभ आहे, रुसवाही आहे, दोन्ही घे.

तुझी आई

---

ता. १२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू मला पोरीला समजावून परत आणायला पाठवलंस. कामगिरी फसली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की पत्र फेकायचं ते तू ठरव.

तुझ्या बाईसाहेब परतल्या. मी गेलो त्याच सकाळी, चेहरा उतरलेला, पट्टी काळीकुट्ट. इतके दिवस सुईच्या मागे होत्या हे माझ्यासारख्या अडाणी मेकॅनिकलाही कळलं. मी असतो तर चार शब्द सुनावले असते. ठकी एवढंच म्हणाली की पट्टी ओली झालीये, बदलूया. झगा तिनेच दिला, माझ्या हातून बाई घेईनात. मग त्या खोक्यावर बसल्या, तळहाताने टिचबटणं लावली, सोडली, पुन्हा लावली, पुन्हा सोडली. हसल्या नाहीत, पण मान ताठ झाली.

ताई, ती जखम उघडल्यावर वास असा सुटला की आयुष्य ग्रीसमध्ये काढलेला मी, ड्रायव्हरला सायलेन्सरचं विचारायचं निमित्त करून लांब सटकलो. तुझी पोरगी धुळीत गुडघे टेकून बसली होती. तोंड फिरवलं नाही, नाक मुरडलं नाही. हवापाण्याच्या गप्पा मारत होती, जणू कुणाची नखं कापून देतेय. नंतर डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची एक गोळी दिली. तिने सुईची तलफ मरते म्हणे, रोज गाडीपाशी येऊन घ्यायची. आजवर नको म्हणणाऱ्या बाईसाहेबांनी ती पहिल्यांदा घेतली.

अभिमानाने छाती फुगली आणि शर्टाचं बटण उडालं, असं लिहिणार होतो, पण ते आधीच तुटलेलं होतं. छाती मात्र खरंच फुगली. तू तिला बोलव, मी बोलवणार नाही. गाडीचा सायलेन्सर तेवढा बसवून दिला.

मार खायला हजर होईन, तोवर लोभ शिल्लक ठेव.

तुझा धाकटा

---

ता. ८ जून

चि. ठकीस आशीर्वाद.

पाय कसा आहे? जखमेच्या कडा आत सरकतायत असं मागच्या पत्रात लिहिलंस, किती सरकल्या? दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं, तेव्हा तिला धीर धर म्हणावं. गोळी चुकवत नाही ना? बदलायला तिसरा झगा पाठवते आहे. तू कशी आहेस?

घाईत,
आई

---

ता. २१ ऑगस्ट

ती. आईस सा. न. वि. वि.

हल्ली तुझ्या पत्रात माझी चौकशी शेवटच्या ओळीत असते, आधी पायाची. तर पायाचंच आधी सांगते.

आई, पाय भरून आला! काल डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधायची गरज नाही म्हणाल्या. नवी कातडी गुलाबी आहे, पातळ आहे, पण सलग आहे. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तो थांबवेना.

आणि आज सकाळी बाईसाहेब आल्या त्या पहिला झगा घालून. तोच, तुझ्या काजांचा. इतके महिने गाठोड्यात कागदात गुंडाळून जपून ठेवला होता, मला पत्ताही नव्हता. गाडीपाशी उभ्या राहिल्या, झडप मोकळी सोडली आणि सगळ्यांच्या देखत खाली वाकून एकेक बटण काजात घातलं. हात थरथरला नाही. शेवटचं बटण लागल्यावर माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला समोरचं दिसेना.

आता माझा शब्द. मेट्रनबाईंना येते म्हणून सांग, मी बॅग भरायला घेतलीये. इथे दुसरी कुणी येईलच. एक टोपीवाले आहेत, दंडावर तशीच जखम, कोटाची बाही काढू देत नाहीत. आज बाईसाहेबांच्या झग्याकडे टक लावून बघत होते. मग हळूच विचारलं की बाहीलाही अशी खिडकी असते का.

शब्द पाळणाऱ्या मुलीवर माया असू दे.

तुझी ठकी

---

ता. ३० ऑगस्ट

चि. ठकीस आईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मशीनवर ठेवून वाचलं. रडले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले, कापडावर डाग पडला. मग तुझ्या मामाला बोलावून मोठ्याने वाचायला लावलं. तोही रडला आणि ग्रीस डोळ्यात गेलं म्हणाला.

संध्याकाळी मेट्रनबाई युनिफॉर्म न्यायला आल्या. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं बसली होती. ठकी कधी येतेय, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की माझी मुलगी पुलाखाली नशेत पडलेल्या माणसांच्या जखमा धुते, रोज, रस्त्यावर गुडघे टेकून. मी शिवलेल्या खिडकीच्या झग्यातून पट्ट्या बांधून तिने एक पाय वाचवलाय आणि तिला सवड नाही, तेव्हा जागा दुसऱ्या कुणाला द्या. मेट्रनबाईंनी युनिफॉर्म बाजूला ठेवला. मग तो खिडकीचा झगा बघायला मिळेल का म्हणाल्या. तुझं पत्र यायच्या आधीच चौथा शिवायला घेतला होता, तो दाखवला.

तुझा शब्द तू पाळलास, मी तो तुला परत करते. बॅग रिकामी कर. टोपीवाल्यांच्या दंडाचं आणि मनगटाचं माप पाठव. या खेपेला हात थरथरतात की नाही तेही आधीच कळव.

माझा लोभ तुझ्यावर होताच. आता त्यातला थोडा पुलाखाली वाटलास तरी कमी पडायचा नाही.

तुझी आई

ता. क. काजं कशी झालीत, हे बाईसाहेबांना विचारायला विसरू नकोस.