भेंडीवरचं पांढरं

सर, आज सकाळी वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवर जास्वंदीच्या फांदीला पिठ्या ढेकूण लागलेले दिसले. कापूस पिंजून चिकटवल्यासारखे. साबणाचं पाणी फवारायला वाकले, तर त्यातला एक चालायला लागला. पिठ्या ढेकूण जागेवर बसून रस शोषतो, असा चालत नाही. हा भरभर पुढे गेला, एका ढेकणापाशी थांबला आणि त्याला खाऊ लागला. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची, अळी होती. अंगावर तसंच पांढरं मेण, फक्त झुपके जरा लांब. मी बाटली खाली ठेवली, आणि तेव्हापासून मोहने गावातलं ते भेंडीचं शेत डोक्यातून जात नाही.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही आम्हाला रविवारी तिथे न्यायचात. तुमचा नियम एकच होता: आधी मोजायचं, मग औषध. शेतातून तिरकं चालत वीस झाडं, प्रत्येकाची तीन पानं, वहीत एक रकाना किडींचा आणि एक त्यांना खाणाऱ्या मित्रकिड्यांचा. मित्रकिडे पुरेसे असले तर औषध नाही, कारण औषधाने तेही मरतात. शेत ज्यांचं, त्या मावशी बांधावर बसून आम्हाला हसतायत. "मोजतंस काय मास्तर? रेशनकार्ड द्याचा हाय का किऱ्यांना?" तुम्ही म्हणता, "मावशी, घरात खाणारी तोंडं किती, ते तर आधी कळू दे." मी सगळं पांढरं पहिल्या रकान्यात लिहिते, दुसरा जवळजवळ कोरा. वही बघून तुम्ही चष्म्यावरून विचारता, "यातली कुठली चालत नव्हती ना गं?"

"नाही, सर."

"बघितलंस, की वाटतंय?"

"बघितलं, सर."

त्या आकड्यांवरून तुम्ही मावशींना औषध मारायला सांगितलंत. दोन आठवडे बरे गेले, मग कीड दुपटीने उलटली, आणि मावशींनी भर हंगामात सगळी भेंडी उपटून टाकली. तुम्ही आमच्यादेखत त्यांना म्हणालात, "चूक माझी. मी सांगितलं म्हणून तुम्ही मारलंत." मावशी म्हणाल्या, "भेंडी माझी गेली, तू कशाला तोंड पारतंस?" पण त्यानंतर तुम्ही कुठल्याच शेतकऱ्याला सल्ला दिला नाहीत. कुणी विचारायला आलंच तर म्हणायचात, "मी फक्त शिकवतो हो."

ते माझ्या वहीमुळे झालं का, सर? कदाचित औषधच कमी पडलं असेल. शेजारच्या शेतातून कीड आली असेल, मुंग्यांनी वाहून आणली असेल. त्या भेंडीवर ढालकिडे मुळात नसतीलही. मी सकाळपासून आठवून बघतेय, आणि पंचाईत अशी की आठवणीतले ते पांढरे किडेसुद्धा आता चालायला लागलेत. ते मी तेव्हा पाहिलेत की आज जास्वंदीवर पाहिलेले तिथे नेऊन ठेवलेत? उद्यापर्यंत मी शपथेवर सांगेन, चालत होते म्हणून. तेही खोटंच असेल.

तुम्ही गेलात, पण डोंबिवलीच्या तुमच्या घरी काकू अजून असतात. गेल्या दिवाळीत गेलेले, तर म्हणाल्या, "अगं, शेवटपर्यंत म्हणायचे, त्या शेतात माझं कुठे चुकलं तेच कळलं नाही." मी चिवडा खात होते. "सर फार मनाला लावून घ्यायचे," एवढंच म्हणाले.

हे पत्र काकूंच्या हातात द्यावं, असं दुपारभर वाटत होतं. देणार नाही. काय सांगू, चूक सरांची नव्हती, माझी होती? तेच तर मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते एवढंच: त्या दिवशी ऊन चढलं होतं, हातांना भेंडीची खाज सुटली होती, आणि शेवटच्या सहा झाडांपाशी मी गेलेच नाही. बांधावर उभं राहून जेवढं पांढरं दिसलं, तेवढं लिहिलं.