पेस्ट कंट्रोलवाल्याच्या घरची राणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तू, भावोजी आणि भावोजींचा गुडघा असे तिघेही खुशाल असाल अशी आशा आहे. इकडे आम्ही अजिबात खुशाल नाही. पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही (अजून तरी). फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येमध्ये बोलतेस आणि शेवटी मीच "बरं बरं" म्हणत ठेवून देतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर ताई, माझ्या घरी एक मुंगी आहे. हसू नकोस. मुंग्या मारण्यावर ज्याचं पोट चालतं त्याने एका मुंगीसाठी कागद काळे करावेत, हे मलाही कळतं. पण ही मारायची नाही, जगवायची आहे. तुझी भाची सुट्टी संपवून वसतिगृहावर निघाली, त्याच्या आदल्या संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमल्या होत्या. मी सवयीने पंप आणायला वळलो, तर ही कार्टी पायरीवर गुडघे टेकून बाटलीत एक मुंगी धरतेय (बाटली औषधाची होती, पण खोकल्याच्या, माझ्या नव्हे). ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "बाबा, आजवर मारल्यात तेवढ्या पुरे. एक जगवून दाखवा." अगं, वर्गात वडिलांचा धंदा विचारला तेव्हा या बाईसाहेबांनी "औषधांचं काम करतात" म्हणून सांगितलं होतं! ते मला कळलंय हे तिलाही कळलं, आणि तेव्हापासून आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे हो, नाही आणि ठीक. तेव्हा ही मुंगी मेली तर पोरगी माझ्याशी तेवढंही बोलायची नाही. माझा जीव त्या बाटलीत अडकलाय असं समज.

पहिला घोळ ओळख पटवण्याचा. ही राणीच कशावरून? तुझ्या भावाला मुंग्यांमधलं सगळं कळतं, पण उलट्या बाजूने. गोड जेलला भुलून मरते ती एक, तेलकट गोळी खाऊन मरते ती दुसरी, आणि कशानेच मरत नाही ती तिसरी. मला जात ओळखायची एवढी एकच परीक्षा येते, आणि ती घेतली की विद्यार्थी शिल्लक राहत नाही. शेवटी भिंग घेऊन बसलो. लेकीने सांगून ठेवलं होतं, राणीची छाती फुगीर असते, पोट मोठं असतं आणि पंख गळले की पाठीवर त्यांच्या खुणा राहतात. ही तर एक शिंगरू वाटावं एवढी दांडगी, पण पंख काही गळेनात. आमची ही लांबूनच म्हणाली, "काही न करता कोपऱ्यात बसून आहे ना? मग पुरुषच असणार." आणि एके सकाळी बघतो तर दमून घरी आल्यावर चपला काढून टाकाव्यात तसे पंख तळाशी पडलेले! पाठीवर खुणा! ताई, खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

मग संगोपन. काचेच्या नळीत मागे पाणी, मग कापसाचा बोळा, मग राणीसाहेब, आणि तोंडाशी पुन्हा कापूस. अंधारात ठेवायचं, हलवायचं नाही, सारखं डोकवायचं नाही आणि खायला काही द्यायचं नाही. पहिली पोरं हाताशी येईपर्यंत ही बया म्हणे उडायचे स्नायू अंगातच जिरवून जगते. आता तूच सांग, घरात कोणी उपाशी बसलेलं आपल्या घराण्यात कधी कोणाला बघवलंय? मी मधाचा थेंब ठेवला. तिचा पाय त्यात रुतला. काडीने सोडवला तर ती घाबरून कापसात घुसली. मग तिने अंडी घातली, साबुदाण्याच्या कणाएवढी, आणि मी आनंदाच्या भरात इतक्या वेळा कपाट उघडून पाहिलं की तिने ती सगळी खाऊन टाकली. डोकावलं की खातात म्हणे. हे मला अंडी गेल्यावर कळलं, म्हणजे बैल गेला नि झोपा केला. त्यात माझ्या अंगाला, कपड्यांना औषधाचा वास. म्हणून कामावरून आलो की जिन्यातच शर्ट काढतो आणि तडक मोरीत जातो. समोरच्या बाईंनी दाराला पडदा लावून घेतलाय. आमची ही म्हणते, "संसारात माझ्यासाठी कधी एवढी आंघोळ केली नाहीत."

पण खरी कमाल पुढेच. आमच्या इमारतीच्या फवारणीचं काम माझ्याकडेच आहे, आणि त्याची पाळी नेमकी आली. विष मारावं तर राणी जाते, न मारावं तर काम जातं. मी पंपात साधं पाणी भरलं आणि तोंडाला फडकं बांधून, अगदी गंभीर चेहऱ्याने, सगळे मजले धुऊन काढले. मुंग्या इतक्या खूश झाल्या की विचारू नकोस. सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात तर रांगा लागल्या. ते मला चारचौघांत म्हणाले, "तुम्ही औषध मारता की पाजता? बाळसं धरलंय त्यांनी!" आता त्यांनी दुसरा माणूस ठरवलाय. उद्या सकाळी तो येणार, घराघरात शिरणार, आणि कोणालाही सूट नाही, मला तर नाहीच नाही.

म्हणजे राणीला आजच बाहेर काढायला हवं. कुठे? हिच्या भावाकडे? मी फवारलंय. माझ्या मित्राचं दुकान? मी फवारलंय. वाचनालय, दवाखाना, शिंप्याची खोली, जो जो उंबरठा आठवावा तिथे माझाच हात फिरलेला, आणि तोही मन लावून. इतकं चोख काम का केलं मी, ताई? दुपारी लेकीचा फोन आला, आणि पहिल्यांदाच तिने आईला म्हटलं, बाबांना दे. "आहे ना?" एवढंच विचारलं. मी "आहे" म्हणालो. उद्या काय सांगू? असो. भावोजींना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुझा हतबल,
धाकटा

ता. क. तू नवीन घरात राहायला गेलीस तेव्हा मी पंप घेऊन फुकट फवारायला आलो होतो, आणि तू मला दारातूनच परत पाठवलंस. "माझ्या घरात विष नको," म्हणालीस. सख्ख्या बहिणीचा आपल्या कामावर विश्वास नाही, हे मला इतकं लागलं की त्यानंतर तुझ्याकडचा प्रत्येक घास मी रुसून खाल्लाय (खाल्ला मात्र सगळा). आता तुला कळलंच असेल. अख्ख्या गावात मी हात न लावलेलं एकच घर आहे.

ता. क. दुसरा. नाही म्हणायच्या आधी ऐक. तिला काही लागत नाही, फक्त तुझ्या कपड्यांच्या कपाटाचा कोपरा आणि अंधार. आणि भावोजींनी डोकवायचं नाही.

ता. क. तिसरा. हे तुझ्याच जिन्यात बसून लिहितोय. पत्र दाराखालून सरकवतो. बेल वाजवली नाही, कारण मी दचकलो तर खिशातल्या नळीला हादरा बसेल. वाचून झालं असेल तर दार हळूच उघड गं. आज निघताना नळी उजेडात धरली, तिने पुन्हा अंडी घातली आहेत.